तारेवरचे व्हॉल्व

“काय शोधतीयास?” आबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“सांगते. आधी सापडू दे.”

बॉनेटखाली माझी मान आणि डावा हात अशा जागी अडकले होते की दोन्ही एकदम बाहेर काढणं शक्य नव्हतं. रेडिएटरचा वरचा जाड पाइप इंजिनाला जिथं येऊन मिळतो, तिथं मुठीएवढं ॲल्युमिनियमचं झाकण असतं. त्याला दोन बोल्ट. पहिला सुटला होता. दुसरा काही केल्या हलत नव्हता.

“दमानं रेटू नगंस. एक झटका दे, डाव्या अंगानं,” आबा म्हणाले. ते लिंबाखाली जुन्या जीपच्या सीटवर बसले होते. गॅरेज बंद करून त्यांना तीन वर्षं झाली होती, पण रोज सकाळी शर्ट-पॅंट घालून ते त्या सीटवर येऊन बसत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर त्यांना रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या चाकातला ढिला नटही दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी झटका दिला. बोल्ट सुटला.

“बघ,” आबा म्हणाले.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि कराडात बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवत होते. चालवत होते म्हणजे, एक जुनी पांढरी गाडी होती, तिला दोन्हीकडं ब्रेक बसवून घेतले होते, आणि मी होते. त्या महिन्यात अकरा जणी शिकत होत्या. त्यातल्या सहा जणी अजून चढावर गाडी थांबवली की देवाचं नाव घेत.

आणि गाडी पासिंगला नापास झाली होती. धूर तपासणाऱ्यानं नळी लावली, मशिनाकडं बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, गाडी पेट्रोल जाळत नाही, पिते.” प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, दोन मेकॅनिकांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी साफ केल्या. पुन्हा तेच. आता सोमवारी शेवटची तारीख मिळाली होती. सोमवारी पासिंग झालं नाही तर महिनाअखेर क्लासचं लायसन्स जाणार होतं, आणि ते एकदा गेलं की पुन्हा उभं करायची ताकद माझ्यात नव्हती.

तेव्हा मी पुस्तक काढलं. रद्दीवाल्याकडून आणलेलं, त्या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक. इंग्रजी. मांडीवर डिक्शनरी घेऊन मी ते वाचायची. एक पान वाचायला एक संध्याकाळ जायची. घरातले म्हणायचे, हिची परीक्षा आहे का काय. शुक्रवारी एका पानावर एक ओळ सापडली. इंजिन चालू केल्यावर दहा मिनिटांत उष्णतेचा काटा मध्यावर यायला हवा.

माझ्या गाडीचा काटा चार वर्षांत कधी पावाच्या वर गेला नव्हता. आम्हाला त्याचं कौतुक होतं! आबा तर येईल त्याला दाखवायचे, “हात लावून बघा. इंजिन हाय का माठ?”

पुस्तकात पुढं लिहिलं होतं की इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटा व्हॉल्व असतो, थर्मोस्टॅट. गाडी गार असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. नीट तापलं की तो उघडतो. तो उघडाच अडकून बसला तर इंजिन गारच राहतं, आणि गाडीतल्या त्या कॉम्प्युटरला वाटतं, हिला अजून थंडी वाजतेय. मग तो पेट्रोल जास्त पाजत राहतो. पोराला बरं नसलं की आजी दोन घास जादा भरवते, तसं.

शनिवारी मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार बागवान हसला.

“ताई, हा व्हॉल्व मागायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. लोक काढून टाकतात. घालायला कोण येत नाही.”

“मिळेल का पण?”

“पुण्यावरनं मागवतो. बुधवारी येईल.”

बुधवार काय कामाचा? म्हणून रविवारी सकाळी गाडी घेऊन माहेरी आले. म्हटलं, आहे तो काढून बघू, साफ करून चालला तर चालला. आबांचे पाने होते, आबांचं अंगण होतं.

आबांना मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. आबांचा स्वभाव असा की कुठलीही नवी गोष्ट पुढं आली की ते एकच प्रश्न विचारत. काय गरज? गाडीला एसी, काय गरज? गॅरेजला पाटी, काय गरज, लोकांना मी माहीत हाय. मला दहावीला चौसष्ट टक्के पडले तेव्हा पॉलिटेक्निकचं मुलाखतीचं पत्र आलं होतं, मेकॅनिकल डिप्लोमासाठी. आबांनी ते वाचून घेतलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, काय गरज? माझ्या धाकट्या भावाला, सर्जेरावाला, मात्र त्यांनी पुढं दोनदा पाठवलं. तो दोन्ही वेळा परत आला. तो आता विमा विकतो आणि पंक्चर झालं की मला फोन करतो.

तर, दुसरा बोल्ट सुटला. मी झाकण उचललं. थोडं पाणी सांडलं. मी टॉर्च मारला.

आत काहीच नव्हतं.

अडकलेला व्हॉल्व नाही, मोडलेला नाही, गंजलेला नाही. नुसतं गोल भोक. मी बोट घालून बघितलं, उगाचच. मग झाकण उलटं केलं. त्याला चिकटलेल्या पॅकिंगचा अर्धा कागद माझ्या हातात आला. जाड, लालसर, आणि त्यावर सोनेरी अक्षरं. ‘शुभवि’ एवढं वाचता येत होतं.

मी ते बघत राहिले. इंजिनाच्या दोन भागांमध्ये पाणी गळू नये म्हणून कागदाचं पॅकिंग घालतात. ते सगळे मेस्त्री दुकानातून आणतात. साऱ्या तालुक्यात लग्नपत्रिकेतून पॅकिंग कापणारा मेस्त्री एकच होता. पत्रिका झाकणावर ठेवायची, हातोडीनं कडेकडेनं हलकं टकटक करत कापायची, शेलॅकचा चिकट लेप लावून बसवायची. गावातली कितीतरी लग्नं अजून लोकांच्या इंजिनात टिकून होती.

“आबा,” मी म्हटलं. “यातला व्हॉल्व कुठं आहे?”

“कसला?”

“थर्मोस्टॅट.”

“त्यो व्हय?” आबा निवांत म्हणाले. “मी काढला.”

“कधी?”

“तू गाडी घेतलीस आन् माझ्याकडं बघाय दिलीस, त्याच दिशी. म्हटलं, पोरगी एकटी हिंडणार, संगट बायाबापड्या. घाटात उकळली मंजी?”

जावयाला गाडी द्यावी तशा थाटात त्यांनी ती मला परत दिली होती, हे मला आठवलं. बॉनेट पुसून, समोर लिंबू-मिरची बांधून. ‘समदं बघून दिलंय, डोळं झाकून चालीव.’

“आबा, ह्याच्यामुळंच गाडी नापास होतेय.”

“हॅट! बिनव्हॉल्वच्या गाड्या साऱ्या जिल्ह्यात पळत्यात. माझ्याच हातच्या असतील दोन-अडीचशे.”

“पळतात. पण गार पळतात.”

“मग? इंजिन गारच पायजे की! तापल्यालं कुणाचं भलं झालंय?”

मी हात पुसले आणि शेडमध्ये गेले. मला कुठं बघायचं ते माहीत होतं. शेडच्या मागच्या भिंतीला, आरशाशेजारी, खिळ्याला एक तार टांगलेली होती. आबांनी काढलेला प्रत्येक व्हॉल्व त्या तारेत ओवलेला. सर्वांत खालचा पार काळा, मग तपकिरी, मग पिवळट, वर वर येत चकचकीत पितळी. लहानपणी मला वाटायचं ती कसली तरी माळ आहे. खंडेनवमीला पान्या-हातोड्यांची पूजा झाली की झेंडूचं एक फूल त्या तारेलाही लागायचं.

“तार कशाला काढतीस?” आबा काठी टेकत दारात आले.

“माझा व्हॉल्व घेते.”

“घे. पर घालू नगंस.”

“आबा, उद्या पासिंग आहे.”

“इंदे, तुला ठावं न्हाई.” ते आत येऊन स्टुलावर बसले. “एकाहत्तर साल. भोसल्याची टॅक्सी. मी आदल्या दिशी समदं काम करून दिल्याली. कुंभार्ली घाटात चढाला व्हॉल्व अडकला, पाणी फिरायचं थांबलं. इंजिनाचं हेड फाटलं. आत बाळंतीण हुती, चिपळूणला माहेरी निघाल्याली. चार तास उनात रस्त्याच्या कडंला. तिला काय झालं न्हाई, देवाची किरपा. पर सहा म्हयनं एक गिऱ्हाईक माझ्या दारात आलं न्हाई. ‘दौलत मेस्त्रीनं हात लावला की गाडी फाटती.’ तुझी आई दुसऱ्याच्या शेतात भांगलाय जायची तवा.”

हे मला ठाऊक नव्हतं. मला फक्त तार ठाऊक होती.

“त्यो सर्वांत खालचा, काळा,” आबा म्हणाले, “त्यो भोसल्याचा.”

मी त्या काळ्या व्हॉल्वला बोट लावून बघितलं. मग म्हटलं, “आबा, गाडी माझी आहे.”

असं मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. ते काठीच्या मुठीकडं बघत राहिले.

“मग मला कशाला इचारतीस,” ते म्हणाले आणि उठून लिंबाखाली गेले.

माझा व्हॉल्व वरून तिसरा होता. माझ्यानंतर त्यांनी दोनच गाड्या उघडल्या होत्या. अंगठ्याएवढा पितळी पाय, त्याभोवती स्प्रिंग, वर रुपयाएवढी गोल चकती. कडेला ८२ कोरलेलं. घालण्याआधी तो चालतो का हे बघायला हवं होतं, आणि ते कसं बघायचं हेही पुस्तकात होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. मंदावैनी, सर्जेरावाची बायको, पोळ्या करत होती.

“वैनी, एक पातेलं दे. आणि थोडा दोरा.”

“कशाला?”

मी व्हॉल्व दाखवला. तिनं पोळपाटावरून माझ्याकडं पाहिलं. “गाडीचा पार्ट उकडणार तू? माझ्या चहाच्या पातेल्यात?”

“जुनं दे.”

“जुनंच आहे ते. या घरात नवं काय आहे?” पण तिनं दिलं.

पाणी ठेवलं. व्हॉल्व दोऱ्याला बांधून, तळाला टेकणार नाही असा सोडला. मंदावैनी पोळी तव्यावर टाकून शेजारी उभी राहिली. काहीच होत नव्हतं. मग मागं काठी वाजली.

“काय चाललंय?”

“बघा, आबा. याला किती तापलं की उघडायचं ते ठाऊक असतं. ब्याऐंशी लिहिलंय त्यावर.”

“त्ये साल असंल.”

“गाडी दोन हजार एकची आहे.”

“मग कंपनीचा नंबर.”

“डिग्री आहेत, आबा. ब्याऐंशी डिग्री.”

आबांनी खिशातून चष्मा काढला. पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले. वाफ यायला लागली. मंदावैनीची पोळी करपली, ती “अगं बाई” म्हणून वळली, आणि नेमकी तेव्हाच चकती हलली. आधी केसाएवढी फट. मग स्प्रिंग दबत गेली, पितळी पाय खाली सरकला, आणि चकती करंगळीच्या नखाएवढी उघडून थांबली. आवाज नाही, झटका नाही.

आबा वाकले. चष्म्यावर वाफ धरली, ती त्यांनी पुसली नाही.

“काढ बघू भाईर.”

मी दोरा वर घेतला, व्हॉल्व ताटात ठेवला. हळूहळू चकती मिटली.

“परत घाल.”

परत घातला. परत उघडला.

“आत काय हाय ह्याच्या? करंट?”

“मेण. मेण तापलं की फुगतं.”

“मेण!” आबा हसले. पंचेचाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस, आणि मेण ऐकून लहान पोरासारखा हसला. “मंजी गार आसताना वाट अडवून धरायची. तापलं की सोडायची. आपलं आपुन?”

“आपलं आपण.”

“मी कंदी बघितलंच न्हाई,” ते म्हणाले. “काढायचा आन् ओवायचा. उघडतोय कसा, ते कंदी बघितलं न्हाई.”

मंदावैनी म्हणाली, “मामंजी, आता चहा याच पातेल्यात करायचा का?” आबांनी व्हॉल्व तिसऱ्यांदा पाण्यात सोडला.

पॅकिंग मात्र आबांनीच कापलं. मी मागितलं नव्हतं. ते एक पत्रिका घेऊन आले, मी म्हटलं, “आबा, मी बाजारचं आणलंय,” तर म्हणाले, “ठेव. तुझं जाऊ दे गळून, मग माझं हाय,” आणि टकटक करत कापून खिशात ठेवलं. मी व्हॉल्व बसवला, झाकण लावलं, बोल्ट आवळले, कूलंट भरलं. मग मी गाडीत बसले आणि आबा शेजारच्या सीटवर, जिथं एरवी मी बसते. त्यांच्या पायाखाली जादाचा ब्रेक होता.

गाडी चालू केली. काटा पावावर आला.

“थांबंल आता,” आबा म्हणाले.

काटा थांबला नाही. पावाच्या वर गेला. त्या भागावर काटा मी चार वर्षांत पहिल्यांदाच बघत होते.

“इंदे.”

“हां.”

“वर चढतोय.”

“चढू दे.”

“आगं चढतोय! बंद कर.” त्यांचा हात किल्लीकडं आला. मी त्या हातावर माझा हात ठेवला. खरं सांगते, माझीही खात्री नव्हती. पुस्तक रद्दीतलं, इंग्रजी डिक्शनरीतलं, आणि शेजारी बसलेल्या माणसानं मी जन्मायच्या आधीपासून इंजिनं उघडलेली. तो चुकत असेल आणि मी बरोबर, असं कशावरून?

“थांबा, आबा,” मी म्हटलं.

त्यांनी हात काढला नाही. पण किल्लीही फिरवली नाही.

काटा मध्याच्या जवळ आला. मी इंजिन चालू ठेवून उतरले आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवला. गारच होता. आत आबा काट्याकडं बघत ताठ बसले होते, दोन्ही पाय ब्रेकवर. मी मोजत नव्हते, पण बराच वेळ गेला. आणि मग माझ्या हाताखाली तो पाइप तापला. एकदम, चटका बसण्याइतका.

“थांबला!” आबा आतून ओरडले. “इंदे, मधी थांबला! हलंना!”

सोमवारी गाडी पास झाली. धूरवाल्यानं मशिनाकडं दोनदा बघितलं आणि विचारलं, “मॅडम, कुठल्या गॅरेजला दाखवली?” मी म्हटलं, “घरीच.” कागद घेऊन मी सरळ माहेरी गेले. आबांना सांगायचं होतं.

ते लिंबाखाली नव्हते. स्वयंपाकघरातून मंदावैनीचा आवाज आला, “ये, ये. तुझ्या वडलांनी माझा गॅस संपवत आणलाय.”

आबा ओट्याजवळ स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर, हातात दोरा. शेजारी वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर ढीग. शेकडो व्हॉल्व, काळे, तपकिरी, पितळी, ओले. भिंतीवरची तार रिकामी होऊन ओट्यावर पडली होती.

“पास झाली,” मी म्हटलं.

“व्हणारच की.” त्यांनी वर बघितलं नाही. “इंदे, कालच्यान् बघतोय. सगळे उघडत्यात.”

“सगळे?”

“आत्तापतुर समदे. पन्नास टक्के तरी खराब निघतील म्हटलं हुतं. एक न्हाई निघाला.” ते ढिगाकडं बघत होते. “पांडू तात्याच्या ट्रकचा. कदमाच्या जीपचा. समदे चांगले हुते. मी काढून टाकले.”

मी ओट्याशी टेकून उभी राहिले. ‘त्या काळात काय ठाऊक, आबा’ असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

“एकोणीस जुलै,” आबा म्हणाले.

“काय?”

“तुझी मुलाखत. पॉलिटेक्निकची.”

मला तारीख आठवत नव्हती. पत्रावर गोल शिक्का होता एवढं आठवत होतं. तारीख मी केव्हाच विसरले होते.

“गुरवार हुता,” ते म्हणाले. “गुरवारी गॅरेज बंद. मी दिवसभर हितंच बसलो हुतो. रिकामा.”

मंदावैनीनं गॅस थोडा मोठा केला आणि बाहेर गेली.

वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला एक व्हॉल्व वेगळा ठेवलेला होता. पार काळा, भोसल्याचा, घाटात अडकलेला. तेवढाच राहिला होता. आबांनी तो उचलला, दोऱ्याला गाठ मारायला बघितली, जमली नाही. मी मारली. त्यांनी तो पाण्यात सोडला, आणि आम्ही दोघं पातेल्यात बघत बसलो.